कुठला काळा?

बाबांचा फोन सहसा रविवारी सकाळी येतो. त्या आठवड्यात तो बुधवारी रात्री आला, म्हणून मी जरा घाबरतच उचलला. ते म्हणाले, "अगं, तुझी आजी लाल व्हायला लागलीय."

मला आधी काहीच बोध होईना. मग लक्षात आलं, की ते ओटीवरच्या फोटोबद्दल बोलतायत. गुहागरजवळच्या आमच्या गावच्या घरी आजीचा तो फोटो मीच तीन वर्षांपूर्वी छापून, फ्रेम करून लावला होता. पुण्यातल्या घरच्या प्रिंटरवर, चकचकीत फोटो पेपरवर, ए-फोर आकारात. ओटीवर दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं. समुद्र जवळ असल्यामुळे हवा बारा महिने दमट. आणि फ्रेमला मी काच लावली नव्हती, कारण काचेत अंगण दिसतं आणि माणूस दिसत नाही.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा पाहिलं. चेहरा ओळखू येत होता, पण मागची करडी भिंत विटकरी झाली होती आणि आजीचं काळं लुगडं तांबूस. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, फोटोकडे बघून म्हणाली, "सासूबाई आता खऱ्या रंगात आल्या."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि कपाटात पालथी ठेवून दिली.

आईचं ते वाक्य कळायला फोटोची गोष्ट माहीत हवी. आजोबा गेले तेव्हा आजी सत्तावीस वर्षांची होती आणि बाबा तीन. पुढचं सगळं त्या काळच्या रीतीप्रमाणे झालं. केस गेले, कुंकू गेलं आणि अंगावर आलवण आलं. आलवण म्हणजे आलाच्या मुळांत रंगवलेलं लाल, बिनकाठाचं लुगडं. पुढची सगळी वर्षं ती त्याच एका रंगात वावरली. तिला स्वतःला काळा आवडायचा. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा तिच्या ट्रंकेत तळाशी घडी घालून ठेवलेली होती. ती नेसताना बाबांनी तिला कधी पाहिलं नाही. पावसाळ्यानंतर उन्हात घालताना मात्र पाहिली.

फोटो १९६५ सालचा. बाबा शाळेत नुकते शिक्षक म्हणून लागले होते आणि एका सहकाऱ्याचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा त्यांनी दोन दिवसांसाठी मागून आणला होता. एका रोलमध्ये बारा फोटो. अकरा झाले, बारावा उरला. आजी ओटीच्या कोपऱ्यात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. "माझा कसला फोटो काढतोस," म्हणून तिनं वर पाहिलं, तेवढ्यात बाबांनी खटका दाबला.

प्रिंट त्यांनी घरीच काढला. बाळंतिणीच्या खोलीला खिडकीच नव्हती, तीच डार्करूम. कंदिलाला लाल कागद गुंडाळलेला. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच आकाराचा, सव्वादोन इंची प्रिंट. हायपोतून काढल्यावर तासभर विहिरीच्या पाण्यात धुतलेला. आजी सावलीत बसलेली, त्यात लुगडं लाल. निगेटिव्हवर ती जागा जवळजवळ कोरीच राहिली होती, त्यामुळे प्रिंटमध्ये ती काळी आली. तो ओला प्रिंट हातात धरून आजी म्हणाली, "अरे, काळं नेसलेय की मी!" मग वाळल्यावर तो तिनं पोथीत ठेवला. ती गेली तेव्हा तिथेच सापडला.

तो छोटा प्रिंट आजही धड आहे. कडांना चांदी उमटून किंचित निळसर चकाकी आली आहे, पण काळा काळाच आहे. साठेक वर्षं. आणि माझा प्रिंट, एवढ्या आधुनिक यंत्रावर काढलेला, तीन वर्षांत आजीला पुन्हा आलवणात घेऊन गेला.

मला हे नीट करायचं होतं. बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत, तेव्हा लवकर करायचं होतं.

पहिला प्रश्न, लालच का? प्रिंट नुसता पुसट झाला असता तर मी उन्हाला दोष देऊन गप्प बसले असते. घरगुती प्रिंटरच्या मते राखाडी हा काही वेगळा रंग नाही, तो एक तोल आहे. निळसर सायन, किरमिजी मजेंटा आणि पिवळा यांचे बारीक थेंब शेजारी शेजारी टाकले, की लांबून डोळ्याला करडं दिसतं. अगदी गडद भागात तेवढी खरी काळी शाई येते. म्हणजे माझ्या 'काळ्या-पांढऱ्या' फोटोत बहुतेक सगळे रंगच होते. तिघांपैकी एक आधी गेला, की तोल गेला. माझ्या प्रिंटमध्ये आधी गेला तो सायन. उरलेल्या दोघांचा मिळून तांबूस.

ही शाई डाय प्रकारची होती. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारा रंग, चहातल्या साखरेसारखा. पिगमेंट म्हणजे न विरघळणारा, नुसता तरंगत राहणारा बारीक कण, पाण्यात कालवलेल्या गेरूसारखा. गेरूचं पाणी तसंच ठेवलं तर खाली गाळ बसतो. पिगमेंट शाईची बाटली वापरण्याआधी हलवायला सांगतात ती त्याचसाठी. डायचे रेणू सुटे, एकेकटे असतात. उजेड आणि हवेतले ओझोनसारखे वायू त्यांना सहज गाठतात. पिगमेंटच्या कणात असंख्य रेणू एकमेकांना धरून असतात. वरचे गेले तरी आतले टिकतात. त्यात माझा कागद झटपट वाळणारा, म्हणजे पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असलेला. शाई त्या छिद्रांत चटकन शिरते हे खरं, पण तिच्या मागोमाग हवाही शिरते. वर मी काच लावली नव्हती. एकूण आजीला लाल करण्यासाठी जे जे करता येईल ते सगळं मी केलं होतं.

माझा एक जुना मित्र फोटोग्राफर आहे. बाहेरची कामं छापून देतो आणि स्वतःचं काळं-पांढरं काम वेगळ्या प्रिंटरवर करतो. मी त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो हसला. "तू एकटी नाहीस. या धंद्याची सुरुवातच अशी झाली," म्हणाला आणि त्यानं मला ग्रॅहम नॅशची गोष्ट सांगितली. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅशमधला गायक. त्याला फोटोग्राफीचंही वेड. स्वतःचे काळे-पांढरे फोटो मोठ्या आकारात छापायला त्यानं आयरिस नावाचं यंत्र घेतलं. किंमत सव्वा लाख डॉलरच्या घरात. ते खरं तर छापखान्यांना रंगीत प्रुफं काढायला बनवलेलं. जाड चित्रकलेचा कागद त्यात जावा म्हणून त्यांनी त्या यंत्रातच कापाकापी केली. १९९१ साली त्यातून कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छपाईचा स्टुडिओ सुरू झाला. ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. प्रिंट देखणे यायचे, पण शाया डायच्या होत्या, आणि प्रुफाला टिकायची गरज नसते. प्रुफ बघायचं आणि टाकून द्यायचं. भिंतीवर लावलेल्या फोटोला ती सवलत नाही.

पुढे पिगमेंट शाया आल्या आणि टिकण्याचा प्रश्न बराचसा सुटला. पण काळ्याचा सुटला नाही. करडा अजूनही रंगांच्या मिश्रणातून यायचा, आणि त्या मिश्रणाची एक वेगळीच खोड होती. दिवसाउजेडी प्रिंट हिरवट दिसायचा, पिवळ्या बल्बखाली गुलाबी. शाई तीच, कागद तोच, दिवा बदलला की माणूस बदलला. यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. करडा रंगांतून काढायचाच नाही, काळ्यातूनच काढायचा. पण एकच काळी शाई वापरली, तर फिकट भागात तिचे थेंब विरळ टाकावे लागतात आणि ते दिसतात, पांढऱ्या भाकरीवर काळे तीळ दिसतात तसे. म्हणून काळी शाई पातळ करून तिची करडी करायची, आणखी पातळ करून फिकट करडी करायची. २००५ च्या सुमारास एप्सननं अशा तीन दर्जांच्या काळ्या शायांचा संच आणला. त्याच्या नावातच के-थ्री आहे. के म्हणजे काळा. आता इतरही बनवतात. रंग त्यातही असतात, पण काळ्या-पांढऱ्याच्या खास सोयीत ते नावापुरते पडतात, छटा सावरण्यापुरते.

त्याच्याही पुढे जाणारे लोक आहेत. अमेरिकेत जॉन कोन यांनी पिएझोग्राफी नावाची पद्धत रुजवली. प्रिंटरमधले सगळे रंग काढून टाकायचे आणि प्रत्येक खणात काळ्याचीच एकेक छटा भरायची. कुठल्या छटेचे किती थेंब कधी टाकायचे हे सांगायला रॉय हॅरिंग्टन यांचा क्वाडटोन रिप नावाचा प्रोग्रॅम वापरतात. माझ्या मित्राकडे असाच एक जुना प्रिंटर होता. त्याच्या सातही खणांत काळाच, गडदपासून अगदी पुसटपर्यंत. शाया परदेशातून मागवलेल्या. त्यात रंगद्रव्य म्हणून होता फक्त कार्बन.

"म्हणजे काजळी?" मी विचारलं.

"काजळीच," तो म्हणाला. "फक्त फार बारीक दळलेली."

आमच्या गावच्या घरात एका फळीवर पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत. कसरीनं जाळी झालेली, कडा तपकिरी पडलेल्या, पण अक्षरं अजून काळी कुळकुळीत. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक खलून केलेली ती शाई. कागद जाईल, शाई जाणार नाही. कार्बनला उजेड आणि हवा काही करू शकत नाहीत, कारण जळून जे उरतं तेच तो असतो. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. ते प्रिंटरला लागू आहे हे नव्हतं.

मित्रानं मला तीन तऱ्हेच्या पट्ट्या छापून दिल्या. प्रत्येक पट्टीवर कोऱ्या पांढऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्या. एक माझ्या घरच्या डाय शाईची, एक तीन काळ्यांच्या पिगमेंट संचाची, एक निव्वळ कार्बनची. चौथी मी माझ्याकडून घातली. बाजारात टाकीच्या प्रिंटरसाठी सुटी शाई मिळते, त्यातल्या एका बाटलीवर 'पिगमेंट' लिहिलं होतं आणि किंमत मूळ शाईच्या पावपट होती. चारही पट्ट्या लांबीत अर्ध्या काळ्या कागदानं झाकल्या आणि एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवल्या. यात काही मोठं शास्त्र नाही. फक्त झाकलेला अर्धा आणि उघडा अर्धा शेजारी ठेवून आपल्याच डोळ्यांनी बघता येतात.

प्रयोगशाळेतलं मोजमाप अर्थात वेगळं असतं. हेन्री विल्हेल्म यांनी या विषयात आयुष्य घातलं. १९९३ सालचं त्यांचं फोटोंच्या टिकाऊपणावरचं जाडजूड पुस्तक अजून आधाराला घेतात. त्यांच्या चाचण्यांत प्रखर दिव्याखाली प्रिंट ठेवून त्यावरून घरातल्या वर्षांचा हिशेब काढतात. चांगल्या पिगमेंट शायांना काचेआड शंभरावर वर्षांचे अंदाज मिळतात. पण तो हिशेब रोज बारा तास ४५० लक्स उजेड, २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरून केलेला असतो. आमच्या ओटीनं ६० टक्के आर्द्रता पाहिली असेल तर ती एखाद्या जानेवारीत. म्हणून ते आकडे मी एकमेकांशी ताडून बघायला वापरले. प्रत्यक्ष वर्षं म्हणून ते वाचले नाहीत.

जूनपर्यंत बाटलीवरची 'पिगमेंट' शाई उघड्या बाजूला स्पष्ट फिकी पडली होती. माझी डाय शाईही तिच्या मागोमाग, तीच तांबूस वाट धरून. उरलेल्या दोघींत मला काही फरक दिसला नाही. ऑक्टोबरपर्यंत एक गोष्ट मात्र दिसली. एका पट्टीच्या पांढऱ्या टोकाला कागदच पिवळट झाला होता. तो फार पांढराशुभ्र कागद होता, म्हणजे धुण्याच्या पावडरीत असतात तशी चकाकी आणणारी द्रव्यं घातलेला. ती द्रव्यं उजेडानं थकतात. मी इतके दिवस काळ्याचाच विचार करत होते. पांढराही निवडावा लागतो हे तिथे कळलं. पुढच्या प्रिंटसाठी कापसाचा, असली चकाकी न घातलेला, किंचित सायीच्या रंगाचा कागद घेतला.

दिवाळीला जाताना दोन प्रिंट बरोबर नेले. पहिला तीन काळ्यांच्या संचाचा, अर्धचकचकीत कागदावर, छटा तटस्थ, म्हणजे ना गरम ना थंड. दुसरा निव्वळ कार्बनचा, कापसाच्या मॅट कागदावर. मला स्वतःला पहिला जास्त आवडला होता, आणि त्याचं कारण लुगडं. चकचकीत कागदावर काळा फार खोल जातो. सर्वांत काळ्या जागेवरून शंभरातला अर्धा भाग प्रकाश परत येतो. मॅट कागदाच्या खरखरीतपणामुळे तिथे उत्तम काळ्यावरूनही शंभरातले दोन-अडीच भाग परततात. आकड्यांत हे क्षुल्लक वाटतं, पण पहिल्या प्रिंटमध्ये निऱ्यांच्या चुण्या मोजता येत होत्या आणि दुसऱ्यात त्यातल्या काही एकमेकींत मिसळल्या होत्या. सावल्या थोड्या उचलून मी त्या सोडवायचा प्रयत्न केला. काही सुटल्या, काही नाही.

दुसरा फरक छटेचा. निव्वळ कार्बन तटस्थ नसतो. बारीक दळला की तो तपकिरीकडे झुकतो. शाई जितकी पातळ, तितकं हे जास्त दिसतं. म्हणून आजीचं लुगडं काळं होतं, पण तिचा गाल, सूप, मागची भिंत यांना मातकट ऊब होती.

बाबांनी दोन्ही प्रिंट घेतले आणि घरभर फिरले. ओटीवर उन्हात, माजघरात एलईडीखाली, देवघरात समईपाशी. समईच्या उजेडात सगळंच सोन्यासारखं दिसतं, तिथे त्यांना काही ठरवता येईना. पण त्यांची खरी अडचण दिव्याची नव्हती. नवरात्रापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डाव्याचं व्हायचं होतं. मोतीबिंदूचं भिंग पिवळट झालेलं असतं. ते निळा उजेड अडवतं. नवं भिंग अडवत नाही. बाबा खुर्चीत बसले, पहिला प्रिंट समोर धरला आणि एकदा हा डोळा, एकदा तो डोळा मिटून पाहू लागले.

"या डोळ्यानं बरोबर काळा आहे," ते म्हणाले. मग दुसरा उघडून, "आणि यानं निळसर मारतोय."

"आणि हा?" मी दुसरा पुढे केला.

"यानं पिंगट. आणि यानं," डोळा बदलून, "यानंही पिंगटच. पण कमी." प्रिंट मांडीवर ठेवून ते हसले. "आता तूच सांग, माझा कुठला डोळा खरा?"

वर्षभर मी शाई, कागद आणि दिवे यांचा हिशेब करत होते, आणि ज्या डोळ्यांसाठी हे चाललं होतं त्यांनाच मध्ये धरलं नव्हतं. पहिला प्रिंट मी तटस्थ म्हणून आणला होता, म्हणजे माझ्या डोळ्यांना, मित्राच्या दिव्याखाली. त्या खुर्चीत बसून पाहणाऱ्या माणसाला तो दोन रंगांचा होता.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत ठरवायचं नाही असं आम्ही ठरवलं. ते डिसेंबरात झालं. जानेवारीत पुन्हा गेले. आता दोन्ही डोळ्यांचं एकमत होतं. पहिला काळा, कणभर थंड. दुसरा स्पष्ट तपकिरी झाकीचा. आणि बाबांना तपकिरी नको होता.

"जुनाट दिसावा म्हणून चहात बुडवून काढल्यासारखा वाटतो," ते म्हणाले. "मी फोटो काढला तेव्हा तो नवा होता. आणि तपकिरी म्हणजे लालाच्या वाटेवरचाच की. एकदा झालं तेवढं पुरे."

मी त्यांना सगळं सरळ सांगितलं. तपकिरी असला तरी तो आहे तिथेच थांबणारा तपकिरी आहे. पहिला प्रिंट तटस्थ दिसतो, कारण त्यातल्या कार्बनची ऊब मारायला निळसर आणि किरमिजी पिगमेंटची किंचित भर घातलेली आहे. ती भरही चांगली टिकते, पण कार्बनइतकी नाही. पुढे कधीतरी ती उतरली, की खाली उरणार तो कार्बनच, आणि प्रिंट हळूहळू गरम होत जाणार. हा फरक बहुधा डोळ्याला कळेल न कळेल इतकाच असेल आणि तोही अनेक दशकांनी. माझ्या पहिल्या प्रिंटसारखी गत याची होणार नाही, हे मी दोनदा सांगितलं.

बाबांनी ते मुलांचा पेपर तपासावा तसं ऐकून घेतलं. "म्हणजे आज काळी दिसेल," ते म्हणाले, "आणि माझ्यामागे थोडी तांबूस होत जाईल."

"अगदी थोडी, बाबा. कदाचित कळणारही नाही."

"आणि हिचं आज आहे तेच राहणार."

"कागद टिकेल तोवर."

ते बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले. आई शेजारी बसून शेंगा निवडत होती. तिनं कार्बनचा प्रिंट ओढून घेतला, नाकाजवळ धरल्यासारखा जवळून पाहिला आणि मला विचारलं, "हे काजळ आहे म्हणालीस ना?"

"काजळीच. तसंच."

"मग हाच लावा. त्यांना आयुष्यात काजळ घालायला कुठं मिळालं."

बाबा यावरही काही बोलले नाहीत. पण तो प्रिंट त्यांनी तिच्या हातातून परत घेतला तो उजेडाकडे धरून बघण्यासाठी, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "निऱ्या थोड्या मिसळल्यात हिच्यात."

"हो. त्या मला सोडवता आल्या नाहीत."

"असू देत. चंद्रकळेच्या निऱ्या सावलीत दिसत नाहीतच."

पुण्याला परत येऊन मित्राकडे मोठा प्रिंट काढला, सोळा इंची. आधी नोझलची तपासणी, कारण पिगमेंट शाईचा प्रिंटर चार-सहा दिवस पडून राहिला की एखादं भोक बुजतंच आणि गालावरून पांढरी रेघ जाते. कागदाची पेटी आदल्या दिवशी उघडून कागद खोलीतल्या हवेला सरावू दिला. दमट कागदाच्या कडा उचलतात आणि यंत्राचं डोकं त्यांना घासून जातं. पहिल्या प्रिंटला नेमकं तसंच झालं, सुपाच्या कडेला काळा फराटा आला. दुसरा ठीक निघाला. लगेच फ्रेम केला नाही. एक दिवस साध्या कागदाखाली पडू दिला, कारण ताज्या शाईतले द्रव उडून जायला वेळ लागतो आणि घाई केली तर काचेवर आतून धुकं धरतं. या वेळी काच आहे. काच आणि प्रिंट यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचं माउंट आहे, म्हणजे पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटणार नाही. जागाही बदलली. ओटीवरून तो माजघरात गेला, जिथे ऊन पोचत नाही.

फ्रेम बंद करण्याआधी मी मागच्या बाजूला पेन्सिलीनं शाई, कागद आणि तारीख लिहिली. निगेटिव्ह ग्लॅक्सोच्या जुन्या डब्यात होती, ती आता कागदी पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवली आहे. पुढे कुणाला हा काळा पटला नाही, तर तिथून पुन्हा सुरुवात करता येईल. तटस्थ प्रिंट मी माझ्याकडे पुण्यात ठेवला आहे, पेटीत, निऱ्यांसाठी.

बाबा आता रविवारी फोन करतात तेव्हा बाकीच्या बातम्यांबरोबर आजीचीही सांगतात. गेल्या आठवड्यात म्हणाले, "माजघरात दिवा लावल्याशिवाय दिसत नाही तुझी आजी. पण लावला की आहे तशीच आहे."

माझ्या खिडकीतली कार्बनची पट्टी मी अजून काढलेली नाही. काचेवर धूळ बसली, की पुसताना तिच्यावरचा काळा कागद उचलून दोन्ही अर्धे पाहते. अजून तरी मधली रेघ सापडत नाही.